सोमवारचं टेबल

प्रिय बटण,

तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. उत्तराला इतका उशीर झाला म्हणून रागावली असशील, पण निदान हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग रागाव. शिंप्याची मुलगी म्हणून शाळेत तुला बटण म्हणायचे आणि पुस्तकं खाते म्हणून मला वाळवी, तेव्हापासून आपण एकमेकींपासून काही लपवलं नाही, असं तू लिहिलंयस. ते वाक्य वाचलं आणि तुझं पत्र पुन्हा पाकिटात घालून ठेवलं. नंतर दोनदा लिहायला बसले, दोन्ही वेळा हवापाण्याच्या पुढे गाडी सरकेना. पुढच्या महिन्यात तू येणार, बाबांचं शिवणयंत्र आपल्या वाचनालयाला देणार आणि बालविभागाच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लागणार, असं ठरलंय. पाटी रंगवून झालीसुद्धा. माझ्या खुर्चीमागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे, मीच तशी ठेवलीय. ती लागायच्या आधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर तू येशील की नाही, माझ्याशी बोलशील की नाही, हे मला खरंच माहीत नाही.

दुपारचे तीन वाजलेत. वाचनालयात मी आणि शिपाईमामा दोघंच आहोत. परवा वरून कागद आला की साथ पुन्हा वाढतेय, सोमवारपासून वाचनकक्ष बंद आणि पुस्तकं घरपोच, म्हणजे गेल्या वर्षीसारखंच सगळं. मामा बालविभागात टेबलं मांडतायत. फरशीवर टेबलाचे पाय घासल्याचा आवाज इथपर्यंत येतो, मग थांबतो, मग मामा खोकतात. धुळीचं आहे म्हणतात. मी मघाशी विचारलं तर म्हणाले, बाई, वर्षभर कुणी ही टेबलं हलवलीत का, खोकला नाही तर काय गाणं येणार. मी हसले. पण तेव्हापासून माझा एक कान तिकडेच आहे.

गेल्या वर्षी आम्ही काय केलं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, पण आज सलग सांगते. दारं बंद झाली त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, चला, जुन्या नोंदी नीट लावायला वेळ मिळाला. चौथ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं की घरातलं सगळं वाचून झालंय, आता औषधांच्या खोक्यातले कागद वाचतोय. एका आजींना जाड पुस्तक हवं होतं, कसलंही चालेल, फक्त लवकर संपायला नको. मग मी आणि मामांनी ठरवलं की साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या सभासदांना आठवड्याला एक पुस्तक घरी नेऊन द्यायचं. पण कशात द्यायचं, कसं द्यायचं, काही सुचेना. तेव्हा काकांना फोन केला. तुझे बाबा ते, पण मला ते जन्मापासून काकाच. त्यांनी अर्ध्यावर तोडून विचारलं, तुमच्या वाचनकक्षाचे ते निळे पडदे अजून आहेत ना? कक्ष बंद आहे तर पडदे कशाला हवेत?

दहा दिवसांत त्यांनी एकशे वीस पिशव्या शिवल्या. बाहेरून निळ्या, आतून पांढरं अस्तर. युक्ती त्यांचीच होती. पुस्तक वाचून झालं की पिशवी उलटी करायची, त्यात ते घालायचं आणि पिशवी दाराच्या कडीला लावायची. पांढरी पिशवी रस्त्यावरूनच दिसते. पांढरी दिसली की मामांनी ती उचलायची, नवी निळी लावायची, तीनदा कडी वाजवायची आणि न थांबता निघायचं. कुणाला कुणाच्या जवळ जायला नको. मला हे इतकं आवडलं की मी त्याचा नियम करून टाकला. नियम करायची मला हौस, तू जाणतेसच. लहानपणी आपल्या दोघींच्या भातुकलीलासुद्धा मी नोंदवही ठेवली होती. पुढे मी त्याला आणखी एक शेपूट जोडलं. ज्याची पिशवी पांढरी झाली तो माणूस बरा आहे असं धरायचं, त्याला फोन करायची गरज नाही. निळीच राहिली तर फोन करायचा. आम्ही दोन माणसं आणि सभासद साठ, प्रत्येकाच्या दोन पिशव्या, कुठेतरी हात आखडायला हवाच होता. सगळ्यांनी वाहवा केली. वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, त्याचं कात्रण मी तुला पाठवलं होतं.

काका आमचे पहिले सभासद. आणि खोडी काढणारेही पहिलेच. प्रत्येक वाचनालयात असे चार-दोन जुने वाचक असतात, वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून ते ठरावीक पानावर आपली खूण करून ठेवतात. कुणी टिंब देतं, कुणी आद्याक्षर लिहितं. काका सदतिसाव्या पानावर, आकड्याच्या शेजारी, पेन्सिलीने बारीक फुली मारायचे, कापडावर खडूने मारतात तशी. सदतीसच का, असं मी एकदा दरडावून विचारलं, तर म्हणाले, माझ्या छातीचं माप आहे ते, विसरायची भीती नाही. मग मी त्यांचं पुस्तक परत आलं की त्यांच्या देखत सदतिसावं पान काढायची आणि खोडरबराने फुली पुसायची. ते म्हणायचे, पूस, पूस, पोरी, मी पुन्हा वाचीन. हा खेळ आमचा वीस वर्षं चालला. पुस्तक आलं की मी सगळ्यात आधी ते पान उघडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे लक्षात ठेव.

आता सात दिवसांचं सांगते. परत आलेली पुस्तकं किती दिवस बाजूला ठेवायची, यावर समितीची बैठक झाली. वरून आलेल्या कागदात तीन दिवस म्हटलं होतं. समितीतले सगळे तिनाला तयार होते. मी अडून बसले. सात म्हणजे सात. मी फार तावातावाने बोलले, वाचकांची सुरक्षा, संस्थेची जबाबदारी, असं बरंच काही. खरं कारण वेगळं होतं, ते मी तिथे सांगितलं नाही. घरी आई होती, तिचा दमा तुला माहीत आहे. ती पुस्तकं रोज हाताळणारी मी होते आणि संध्याकाळी याच हातांनी तिला औषध देणारीही मीच. मला भीती वाटत होती. समिती म्हणाली, ग्रंथपाल तुम्ही, तुमचं खरं. मग बालविभागातली सात रंगांची सात बुटकी टेबलं सात वारांची झाली. सोमवारचं लाल. सोमवारी आलेल्या पिशव्या सोमवारच्या टेबलावर, न उघडता, पुढच्या सोमवारपर्यंत. खोलीची किल्ली माझ्याकडे. आणि हे वाचकांना सांगायचं नाही असंही ठरलं, कारण पुस्तकं आम्ही आठ-आठ दिवस कोंडून ठेवतो म्हटल्यावर कुणी पुस्तक हातात धरलं नसतं. प्रत्येक पिशवीत घालायच्या आमच्या चिठोरीवर फक्त एवढंच छापलं होतं की पुस्तकं निर्धोक आहेत.

तुझ्या बाबांचा फोन त्या महिन्यात बंद पडला ते तुला आठवत असेल. पाण्याच्या बादलीत पडला होता आणि दुरुस्तीची दुकानं सगळी बंद. खालचं त्यांचं दुकान बंद, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड गावाला गेलेलं. तू तिकडे अडकलेली, रस्ते बंद, तुझा जीव टांगणीला. रोज संध्याकाळी तुझा निरोप यायचा, बाबा कसे आहेत? मी लिहायची, ठणठणीत, आजच पिशवी पांढरी झाली. तुला धीर यायचा आणि मलाही. खोटं नव्हतं ते. चार आठवडे अगदी खरं होतं. मामा सांगायचे की काका खिडकीत येतात, खालच्या रस्त्याकडे हात करतात, एकदा तर त्यांनी वरूनच मामांच्या सदऱ्याची शिवण उसवलीय म्हणून ओरडून सांगितलं.

पाचव्या सोमवारी मामा फेरीवरून आले तेव्हा मी दाराशीच वही घेऊन उभी होते. त्यांनी पिशव्या खोक्यात ठेवल्या, हात धुतले आणि म्हणाले, बाई, आज शिंपीकाका खिडकीत नव्हते. मी विचारलं, पिशवी? ते म्हणाले, पांढरी. मी म्हणाले, मग झालं तर, झोपले असतील. मामा जरा घुटमळले. कडी वाजवल्यावर आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, असं म्हणाले. थांबायचं नाही हा नियम आहे ना, असं मी विचारलं. प्रश्न नव्हता तो, दटावणी होती. मी नोंदवहीत काकांच्या नावापुढे बरोबरची खूण केली, पिशव्या लाल टेबलावर मांडल्या, कुलूप लावलं. संध्याकाळी तुझा निरोप आला. मी काय लिहिलं ते तुझ्याकडे अजून असेल. ठणठणीत, पांढरी पिशवी आली.

त्या आठवड्यात मी रोज त्या खोलीत गेले. मंगळवारच्या पिशव्या मंगळवारच्या टेबलावर, बुधवारच्या बुधवारच्या. दरवेळी लाल टेबलाला वळसा घालून जावं लागायचं, ते दाराच्या अगदी समोर होतं. काकांची पिशवी मला लगेच ओळखू यायची. बाकीच्यांना त्यांनी साधे बंद लावले होते, स्वतःच्या दोन्ही पिशव्यांना मोठी तपकिरी बटणं लावली होती, तुझ्या लहानपणच्या कोटाची. गुरुवारी मी तिथे थांबले. बटण उघडंच होतं. काका बटण न लावता पिशवी देत नसत, शिवण आणि बटण याबाबत ते किती काटेकोर ते तुला मी काय सांगू. क्षणभर हात पुढे झाला, खरंच झाला. मग आई आठवली आणि मी हात मागे घेतला. स्वतःला म्हटलं, चार दिवसांनी उघडायचीच आहे. बाहेर येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पिशवीला बोटसुद्धा लागलं नव्हतं.

शनिवारी मामांना चैन पडेना. त्या रस्त्याच्या फेरीचा दिवस नसताना ते आपणहून तिकडे गेले. तीनदा कडी वाजवली आणि या वेळी थांबले, मग दार ढकलून आत गेले. पुढचं तुला माहीत आहे. काका जिन्याच्या वरच्या पायरीशी होते, शुद्ध होती, बोलता येत नव्हतं. मामांनी गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं, रविवारी सकाळी सगळं संपलं. तुला मी फोनवर सांगितलं की फार अचानक झालं, दोन दिवसांत झालं, त्यांना त्रास झाला नाही. तू रडत रडत म्हणालीस की निदान शेवटपर्यंत त्यांच्या हातात पुस्तक होतं. त्या वेळी मी तुला सांगितलं ते मला खरं वाटत होतं. फक्त एक गोष्ट मी गाळली. तिथल्या डॉक्टरबाई मामांना म्हणाल्या होत्या, गुरुवारी-शुक्रवारी आणलं असतं तर बहुतेक काही करता आलं असतं.

सोमवारी मी लाल टेबलावरच्या पिशव्या उघडल्या. सवयीप्रमाणे आधी काकांची. सदतिसावं पान काढलं. फुली नव्हती. तिथे आमच्याच चिठोरीचा एक कागद घडी करून ठेवला होता, तोच, पुस्तकं निर्धोक आहेत असं छापलेला. मागच्या कोऱ्या बाजूला शिंप्याच्या पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘पोरी, पुस्तक अर्धंच झालंय, म्हणून खूण केली नाही. पिशवी उलटी केली ती तुला हे मिळावं म्हणून. दोन दिवस ताप आहे, पिशवी लावायला कसाबसा उतरतोय, पुन्हा जिना उतरवणार नाही, हाक मारली तर खाली पोचत नाही. तुला सवड झाली की कुणाला तरी पाठव. घाई नाही.’ घाई नाही, असं त्यांनी लिहिलं, कारण गिऱ्हाइकाला घाई करू नये आणि कुणाला आपली घाई होऊ देऊ नये, असंच ते आयुष्यभर वागले. त्यांचा हिशोब सरळ होता. संध्याकाळी वाळवी पुस्तक उघडेल, पहिल्यांदा सदतिसावं पान काढेल, रात्रीपर्यंत कुणीतरी येईल. सोमवार, मंगळवार, बुधवार ते जिन्याच्या दिशेने कान लावून बसले असतील. समितीच्या तीन दिवसांनी ती पिशवी गुरुवारी उघडली गेली असती. माझ्या सात दिवसांनी ती आठव्या दिवशी उघडली.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. मामांनासुद्धा नाही. आई ठणठणीत आहे, आत्ताच तिचा फोन येऊन गेला. तिला मी कालच भावाकडे नेऊन सोडलंय, कारण या वेळी पिशव्या कुठल्याच टेबलावर जाणार नाहीत. मामांनी आणलेली प्रत्येक पिशवी मी दाराबाहेर उन्हात, तिथल्या तिथे, माझ्या हातांनी उघडणार आहे आणि प्रत्येक पान उलटून बघणार आहे. मामांना थांबायला सांगितलंय, आतून आवाज येईपर्यंत. ते म्हणाले, मग फेरीला दोन दिवस लागतील, बाई. लागू देत. टेबलं मांडायची गरज नाही हे त्यांना आत जाऊन सांगायचंय, पण का नाही ते ते विचारतील, म्हणून तासभर मी इथेच बसून आहे. आत्ता पुन्हा खोकले.

त्या चिठ्ठीतली शेवटची ओळ मी वर लिहिली नाही. ती अशी आहे: ‘बटणाला एवढ्यात कळवू नकोस, ती घाबरेल.’ वर्षभर मी त्या ओळीच्या आड लपून राहिले. स्वतःला म्हणत राहिले की मी काकांच्या शब्दाबाहेर जात नाहीये. मग तुझं पत्र आलं, की तुम्ही बाबांना शेवटपर्यंत एकटं पडू दिलं नाहीत म्हणून त्यांचं नाव त्याच खोलीला द्यायचं, ज्या खोलीतून त्यांची पुस्तकं जात-येत होती. तीच ती खोली, बटण. तू ज्या दारावर हात जोडून उभी राहणार आहेस, त्याच्या समोरच लाल टेबल आहे, आणि शेजारी मी उभी राहून तुझे आभार ऐकणार आहे. ते मला जमणार नाही. तुला हे कळायलाच हवं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं, म्हणून हे पत्र. चिठ्ठी सोबतच्या छोट्या पाकिटात आहे. तिच्यावर नाव माझं आहे, पण ती तुझी आहे. पाटी लावायची की नाही, आणि मला पुन्हा कधी वाळवी म्हणायचं की नाही, ते चिठ्ठी वाचून तू ठरव. तुझा निरोप येईपर्यंत पाटी भिंतीकडे तोंड करूनच राहील.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच,
वाळवी